शंका-समाधान : नकाशावरची रेघ आणि पाण्यातली मुशी

गेल्या अंकात प्रशांत महासागरातील मोठ्या शिकारी प्राण्यांचा माग काढण्याच्या एका प्रकल्पाविषयी लेख प्रसिद्ध झाला होता. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बार्बरा ब्लॉक, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता क्रूझ शाखेतील डॅनियल कोस्टा आणि त्यांचे सहकारी यांनी 2000 ते 2009 या काळात मुशी (शार्क), ट्यूना (कुपा), सील, देवमासे, कासवे आणि समुद्रपक्षी अशा 23 जातींच्या प्राण्यांवर 4,306 टॅग बसवले आणि त्यातून हाती आलेला नकाशा 2011 साली ‘नेचर’मध्ये छापला, असा त्या लेखाचा सारांश होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी ज्यांतल्या शंका अनेकांना पडल्या असतील अशी काही पत्रे येथे घेतली आहेत. जागेअभावी पत्रे थोडी कापली आहेत.

रत्नागिरीहून विज्ञान शाखेची एक विद्यार्थिनी विचारते : माझ्या फोनला उपग्रहांवरून आपली जागा लगेच कळते. तसेच एखादे उपकरण मुशीला बांधले की काम झाले. मग इतक्या निरनिराळ्या प्रकारचे टॅग कशासाठी लागतात?

कारण खारे पाणी रेडिओलहरींना आत शिरू देत नाही. आपला फोन उपग्रहाकडून आलेल्या लहरी ऐकतो आणि हिशेब करतो, पण समुद्राच्या पृष्ठभागाखाली थोडे जरी गेले तरी त्या लहरी विरून जातात. मासा खाली असताना उपग्रहाच्या दृष्टीने तो अस्तित्वातच नसतो. लेखात उल्लेखलेली सारी उपकरणे या एका अडचणीतून काढलेल्या निरनिराळ्या पळवाटा आहेत, असे समजून पुढचे वाचावे.

पहिली पळवाट म्हणजे प्राणी वर येण्याची वाट पाहणे. पांढऱ्या मुशीच्या पाठीवरचा पर पाण्याबाहेर येतो, तेव्हा त्या पराला पक्का केलेला टॅग संदेश सोडतो. आपण हवेत आलो हे टॅगला कळते ते एका साध्या युक्तीने. त्याच्या अंगावर धातूची दोन टोके असतात. खाऱ्या पाण्यात त्या टोकांमधून बारीक वीजप्रवाह वाहत असतो, आणि टोके हवेत येताच तो तुटतो. प्रवाह तुटला की टॅग जागा होतो, त्यामुळे पाण्याखाली बॅटरी वाया जात नाही. हे संदेश ‘आर्गोस’ ही फ्रेंच-अमेरिकी यंत्रणा 1978 पासून उपग्रहांद्वारे पकडत आली आहे. येथे जागेचा हिशेब टॅग करीत नाही, उपग्रहाकडील यंत्रणा करते. स्थानकावर न थांबणारी गाडी जवळ येताना तिची शिट्टी तीव्र ऐकू येते आणि पुढे गेल्यावर खाली उतरते, हे आपण ऐकलेच असेल. तसाच टॅगच्या लहरींचा ‘स्वर’ उपग्रह डोक्यावरून जाताना बदलतो आणि त्या बदलावरून टॅग कोठे आहे हे काढता येते. त्यासाठी उपग्रहाच्या एका फेरीत अनेक संदेश मिळावे लागतात. भरपूर मिळाले तर चूक अडीचशे मीटरच्या आत राहते, एखाददुसराच मिळाला तर ती कित्येक किलोमीटरची असू शकते. मुशी काही आपल्या सोयीने वर थांबत नाही, त्यामुळे दुसरा प्रकारच अधिक.

आपण सुचवलेले फोनसारखे उपकरणही अलीकडे आले आहे. फोनला जागा शोधायला कधीकधी अर्धा मिनिट लागतो, आणि श्वास घेण्यापुरते वर येणारे कासव किंवा सील तेवढे थांबत नाही. म्हणून नव्या टॅगमध्ये उपग्रहांच्या लहरींचा सेकंदाच्या एका अंशाएवढा तुकडा टिपून ठेवतात आणि हिशेब पुढे सवडीने करतात. क्षणभर डोळा उघडून फोटो काढावा तसे हे आहे. मात्र ज्या माशाला वर यायचेच नसते त्याला याचाही उपयोग नाही. ट्यूना हवेत श्वास घेत नाही आणि आपला पर पाण्याबाहेर काढून मिरवतही नाही. त्याच्यासाठी वेगळा मार्ग आहे आणि तोच पुढच्या प्रश्नाचा विषय आहे.

पुण्याहून एक निवृत्त शिक्षक लिहितात : लेखात ‘उजेडाच्या नोंदींवरून माशाची जागा ठरवली’ असे वाक्य आहे. पाण्यातील उजेडावरून अक्षांश-रेखांश कसे मिळतात, हे समजले नाही.

आपल्या घरी पंचांग असेल तर उत्तराचा अर्धा भाग तेथेच आहे. पंचांगात निरनिराळ्या गावांच्या सूर्योदयाच्या वेळा वेगळ्या दिलेल्या असतात. मुंबई आणि नागपूर यांच्या रेखांशांत सव्वासहा अंशांचे अंतर आहे आणि पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटे घेते, म्हणून नागपुरात माध्यान्ह मुंबईपेक्षा सुमारे पंचवीस मिनिटे आधी होते. हे उलट केले की झाले. टॅगमधील घड्याळ अचूक आहे आणि त्याला दिवस केव्हा उजाडला व केव्हा मावळला हे कळले आहे, तर दोहोंचा मध्य म्हणजे तेथील माध्यान्ह, आणि माध्यान्हावरून रेखांश. दिवस किती लांबीचा होता यावरून अक्षांश. उन्हाळ्यात उत्तरेकडे दिवस मोठा आणि दक्षिणेकडे लहान, हे आपण वर्गात शिकवलेच असेल.

पाण्यात खोल गेल्यावर उजेड कमी होतो, म्हणून टॅग दाबावरून खोलीही नोंदवत असतो आणि हिशेबात तेवढी दुरुस्ती केली जाते. तरीही पद्धत ओबडधोबड आहे. एक अंशाची, म्हणजे सुमारे शंभर किलोमीटरची चूक येथे नित्याची मानतात. त्यातही 21 मार्च आणि 23 सप्टेंबर यांच्या आसपास सगळ्या पृथ्वीवर दिवस आणि रात्र जवळपास सारखी असल्यामुळे दिवसाच्या लांबीवरून अक्षांश काढणे अशक्य होते. त्या आठवड्यांत टॅग पाण्याचे जे तापमान नोंदवतो ते उपग्रहाने मोजलेल्या समुद्रपृष्ठाच्या तापमानाशी ताडून पाहतात आणि ‘मासा या पट्ट्यात असला पाहिजे’ असे ठरवतात.

या नोंदी किनाऱ्यावर पोचतात कशा, हा मला स्वतःला सर्वांत आवडणारा भाग आहे. हा टॅग हातात धरला तर भाषणाच्या मायक्रोफोनसारखा दिसतो : पुढे निमुळती शेपटी, मागे फुगीर तरंगता भाग, त्यातून निघालेली वीतभर तार. तो माशाला धातूच्या एका बारीक खिळीने जोडलेला असतो. ठरलेल्या दिवशी टॅग त्या खिळीतून वीजप्रवाह सोडतो, खारे पाणी आणि वीज मिळून ती खिळी गंजवून टाकतात आणि थोड्या वेळात टॅग सुटून वर तरंगतो. मग पाठीवर बसून महिनोन्महिने केलेल्या नोंदींचा गोषवारा तो उपग्रहाकडे पाठवतो. सगळ्या नोंदी पाठवण्याइतकी बॅटरी उरलेली नसते. टॅग प्रत्यक्ष हाती सापडला तरच पूर्ण वही वाचायला मिळते.

कोल्हापूरहून एक वाचक : ‘निकोल’ नावाची मुशी दक्षिण आफ्रिकेहून ऑस्ट्रेलियाला जाऊन परत आली असे आपण छापले. टॅग ऑस्ट्रेलियाजवळ सुटला असेल तर ती परत आली हे कोणी पाहिले?

कोणीतरी खरोखरच पाहिले. 2003 च्या नोव्हेंबरात दक्षिण आफ्रिकेतील गान्सबाय येथे या मादीला टॅग लावला होता. 99 दिवसांनी तो 11,000 किलोमीटरवर, पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळ वर आला. वाटेत तिने 980 मीटरपर्यंत बुड्या मारल्याचेही त्यात नोंदले होते. त्यानंतर तिच्याकडे कोणतेही उपकरण नव्हते. 2004 च्या ऑगस्टमध्ये ती पुन्हा गान्सबायच्याच पाण्यात दिसली आणि तिला ओळखले ते पाठीवरच्या पराच्या मागच्या कडेवरून. पांढऱ्या मुशीच्या त्या कडेवरचे खाचखळगे प्रत्येकीचे वेगळे असतात आणि वर्षानुवर्षे टिकतात. जुने आणि नवे छायाचित्र शेजारी ठेवून खाचा जुळवल्या गेल्या.

म्हणजे आपण नकाशावर जी जाण्यायेण्याची रेघ पाहिली तिचा आरंभ माणसाने पाहिलेला आहे, ऑस्ट्रेलियाजवळचा बिंदू उपग्रहाने दिलेला आहे, जातानाची वाट उजेडावरून अंदाजलेली आहे आणि येतानाची वाट कोणालाच ठाऊक नाही. छापील नकाशात हे चारही भाग पुष्कळदा एकाच शाईत येतात. आमच्या नकाशातही आले, ती चूक मान्य करतो.

नाशिकहून एक वाचक विचारतात : कॅलिफोर्नियाच्या मुशी अन्नाने भरलेला किनारा सोडून महासागराच्या ओसाड मध्यभागी जातात, असे लेखात होते. त्या तेथे का जातात हे कळले का?

काही अंशी कळले आहे, आणि ज्या रीतीने कळले ती रीत उत्तराइतकीच सांगण्याजोगी आहे.

दर शरद ऋतूत या मुशी सॅन फ्रान्सिस्कोजवळील फॅरलॉन बेटे आणि आन्यो न्वेवो येथे सील खायला जमतात. तेथे संशोधक लहान होडीतून गालिच्याच्या तुकड्यातून सीलच्या आकाराची आकृती कापून पाण्यावर तरंगत सोडतात. खालून पाहणाऱ्या मुशीला ती सीलची सावली वाटते आणि ती पाहायला वर येते. ती होडीच्या बाजूने सरकत जाते त्या दोनतीन क्षणांत लांब काठीने पराच्या बुडाशी टॅग टोचायचा असतो. अब्जावधी रुपयांचे उपग्रह एका टोकाला आणि गालिच्याचा तुकडा दुसऱ्या टोकाला, अशी ही साखळी आहे.

या टॅगांनी दाखवले की हिवाळ्यात मुशी किनारा सोडतात आणि बाहा कॅलिफोर्निया व हवाई यांच्या साधारण मध्यावर जाऊन काही महिने घालवतात. ब्लॉक यांच्या गटाने त्या जागेला ‘व्हाइट शार्क कॅफे’ असे नाव दिले. उपग्रहातून पाहता तेथील पाणी हिरवट दिसत नाही, म्हणजे त्यात वनस्पतीप्लवक (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) फार थोडे आहेत, आणि म्हणून ते सागरी वाळवंट समजले जात होते. मग तेथे जाण्याचे प्रयोजन काय? जोडीदार शोधणे, असा एक तर्क होता.

2018 च्या वसंतात ‘फॉल्कर’ हे संशोधन जहाज तेथे गेले. आधीच्या शरदात लावलेले टॅग जहाज तेथे असतानाच सुटावेत अशा रीतीने त्यांची वेळ ठरवली होती. जहाजाने तरंगणारे टॅग वेचलेच, शिवाय खोल पाण्यात दूरनियंत्रित यान सोडले, ध्वनिलहरींनी पाण्याचे थर तपासले आणि पाण्याचे नमुने घेऊन त्यांतील डीएनए पाहिला. प्रत्येक प्राण्याच्या त्वचेचे आणि विष्ठेचे सूक्ष्म कण पाण्यात राहतात, त्यामुळे प्राणी न दिसताही तो येथून गेला हे बादलीभर पाण्यावरून सांगता येते. चित्र बदलले. उपग्रहाला वरचा थर दिसतो. खाली, उजेड संपत येतो त्या खोलीत, माखले (स्क्विड) आणि लहान मासे यांची दाट वस्ती होती. हे प्राणी दिवसा खोल उतरतात आणि रात्री वर येतात, आणि मुशींच्या खोलीच्या नोंदींतही दिवसा खोल आणि रात्री उथळ अशीच लय सापडली. वाळवंट होते ते आपल्या पाहण्याच्या रीतीत.

तरीही उत्तर पुरे झालेले नाही. एप्रिलच्या सुमारास नर वेगळेच वागू लागतात. ते एका दिवसात शंभराहून अधिक वेळा वर-खाली करतात, माद्या तसे करीत नाहीत. खाण्यासाठी की जोडीदारासाठी? टॅग खोली सांगतो, हेतू सांगत नाही.

मालवणहून मच्छीमार कुटुंबातील एक वाचक : टॅग लावताना मासा जखमी होत नाही का? आणि असा टॅग असलेला कुपा किंवा मुशी आमच्या जाळ्यात आली, तर काय करायचे?

जखम होते, हे आधी स्पष्ट लिहितो, कारण या विषयावरच्या लेखांत ते सहसा गाळले जाते. पराला टॅग पक्का करायचा तर मुशीला पकडून आवरावे लागते आणि पराला भोके पाडावी लागतात. टोचलेल्या टॅगचा काटा स्नायूत राहतो. म्हणून एखाद्या जातीच्या किती प्राण्यांना टॅग लावायचा यावर परवान्यांची मर्यादा असते आणि दुखापत न करणाऱ्या रीतींना अधिकाधिक पसंती मिळत आहे. देवमाशांच्या पाठीवर रबरी चूषकांनी चिकटणारा आणि काही तासांनी आपोआप सुटणारा टॅग अमेरिकेतील वुड्स होल येथील सागरसंशोधन संस्थेत तयार झाला, तो त्यांपैकीच. प्राण्याच्या अंगावर कॅमेरा बसवण्याची कल्पनाही अशीच निघाली. ग्रेग मार्शल या अमेरिकी अभ्यासकाला 1986 साली बेलीझजवळ पाण्यात असताना एक मुशी दिसली, आणि तिच्या अंगाला एक चिकटमासा घट्ट बसलेला होता. त्या चिकटमाशाला जे दिसते ते आपल्याला का दिसू नये, असे त्याच्या मनात आले.

अटलांटिकमधील निळ्या परांच्या ट्यूनाबाबत तर मोठी मदार तुमच्यासारख्या मच्छीमारांवरच होती. त्या माशाच्या पोटात लहान शस्त्रक्रिया करून टॅग ठेवतात, टाके घालतात आणि उजेड मोजणारा एक बारीक देठ तेवढा बाहेर ठेवतात. हा टॅग सुटत नाही आणि काही पाठवतही नाही. काही वर्षांनी मासा कोणाच्या तरी गळाला लागला, तो देठ दिसला आणि टॅग परत आला तरच नोंदी मिळतात, म्हणून त्यावर पत्ता आणि बक्षिसाचा उल्लेख असतो. टॅग पोटात असल्याचा एक फायदाही आहे. ट्यूना आपले शरीर पाण्यापेक्षा उबदार ठेवतो. त्याने थंड मासा गिळला की पोटाचे तापमान आधी घसरते आणि पचन सुरू झाले की कित्येक तास चढत जाते. त्या चढावरून तो कधी जेवला आणि पोटभर जेवला की नाही, हेही वाचता येते. मासेमारीच्या नियमांसाठी या माशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन साठे 45 अंश पश्चिम रेखांशावर कागदोपत्री वेगळे केले आहेत. मासे मात्र ती रेषा सर्रास ओलांडतात, हे याच टॅगांनी दाखवून दिले.

आता तुमच्या जाळ्याविषयी. हिंदी महासागरात 2005 नंतरच्या काही वर्षांत ट्यूना आयोगाच्या मोहिमेत सुमारे 1,68,000 ट्यूनांना अगदी साधे टॅग लावले गेले. जाड शेवईएवढी पिवळी प्लॅस्टिकची नळी आणि तिच्यावर क्रमांक, एवढेच. असे काही दिसले तर ते ओढून फेकू नये. क्रमांक लिहून घ्यावा किंवा छायाचित्र काढावे. दिवस, ठिकाण, माशाची लांबी व शक्य असल्यास वजन नोंदवावे आणि जवळच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात किंवा केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्रात ते कळवावे. लांबी मोजायला विसरू नका. टॅग लावतानाची लांबी त्यांच्याकडे लिहिलेली असते, आणि दोन लांबींवरूनच मासा किती वेगाने वाढतो हे कळते.

ठाण्याहून एक डॉक्टर : समुद्रात पोहणाऱ्या सीलच्या मेंदूतील लहरी मोजल्या, हे खरे आहे का?

होय, 2023 साली ‘सायन्स’मध्ये ते संशोधन आले आहे. जेसिका केंडल-बार आणि सहकाऱ्यांनी आन्यो न्वेवोच्या तरुण मादी हत्तीसीलांच्या डोक्यावर एक जलरोधक टोपी बसवली. त्या टोपीत मेंदूच्या लहरी टिपणारे संवेदक होते, आणि सोबत हृदयाचे ठोके, खोली व हालचाल यांचीही नोंद होत होती. किनाऱ्यावर दहा तास झोपणारा हा प्राणी समुद्रात सात महिने दिवसाला सरासरी दोनच तास झोपतो आणि तीही वीस मिनिटांहून लहान डुलक्यांत, असे आढळले. डुलकी बुडी मारता मारता लागते. सील आधी सरळ खाली घसरत जातो, मग स्वप्नांच्या (आरईएम) झोपेत स्नायू ढिले पडले की उताणा होतो आणि झाडावरून पान गळावे तसा गिरक्या घेत आणखी खोल जातो. तेथे मुशी आणि किलर देवमासे सहसा नसतात. थोड्या वेळाने जागा होऊन तो वर पोहत येतो. ही गिरकी एकदा ओळखता आल्यावर केवळ खोलीच्या जुन्या नोंदी पाहून आणखी तीनशेहून अधिक सीलांची झोप मोजता आली, हे मला त्या अभ्यासातले खरे कौशल्य वाटते.

हत्तीसील या कामाला मोठे सोयीचे. ते त्याच किनाऱ्यावर परततात, आणि केसांना डिंकाने चिकटवलेला टॅग न काढता आला तरी वर्षातून एकदा जुन्या केसांबरोबर गळून पडतो. दक्षिण महासागरात तर ते समुद्रशास्त्रज्ञांचे हरकामे झाले आहेत. हिवाळ्यात बर्फाखाली जहाज जाऊ शकत नाही, पण सील जातो. त्याच्या डोक्यावरचा संवेदक प्रत्येक बुडीत पाण्याचे तापमान आणि खारेपणा नोंदवतो. पूर्व अंटार्क्टिकाजवळील केप डार्नलीपाशी जड, थंड पाणी तयार होऊन समुद्रतळाकडे उतरते, हे 2013 साली सिद्ध झाले, आणि त्यासाठी लागलेल्या मोजमापांत सीलांनी आणलेल्या नोंदींचा मोठा वाटा होता. बहामाजवळ वाघमुशींच्या परांवर बसवलेल्या कॅमेऱ्यांचीही अशीच कथा. मुशी पाहायला निघालेल्यांना त्यांत मैलोन्मैल समुद्री गवत दिसले. इतर पाहणीची जोड देऊन 2022 साली त्या कुरणाचा विस्तार 66,000 ते 92,000 चौरस किलोमीटर काढला गेला, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक.

मुंबईहून एक वाचक : मुशी कोठे आहे हे फोनवर ताबडतोब दिसते म्हणतात. त्याचा गैरवापर होणार नाही का?

ताबडतोब दिसण्याची व्यवस्था बहुतेक ठिकाणी ध्वनीवर चालते. पाण्यात रेडिओ चालत नसला तरी आवाज उत्तम चालतो. मुशीला लावलेला टॅग ठरावीक वेळाने आपला क्रमांक माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजात ‘बोलतो’ आणि काहीशे मीटरच्या आत बसवलेले श्रवणयंत्र तो ऐकते. पश्चिम ऑस्ट्रेलियात अशी यंत्रे किनाऱ्याजवळ बसवून 2013 च्या अखेरीपासून मुशी आल्याची सूचना ट्विटरवर आपोआप जाऊ लागली. टॅग नसलेल्या मुशी त्यात अर्थातच दिसत नाहीत, म्हणून सूचना आली नाही याचा अर्थ पाणी सुरक्षित आहे असा घ्यायचा नाही. गैरवापराची भीती रास्त आहे. त्यामुळे काही प्रकल्प जागा उशिराने किंवा मुद्दाम पुसट करून दाखवतात, आणि ते योग्यच आहे.

पणजीहून एक वाचक : हे सारे अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात. आपल्या अरबी समुद्रात काही झाले आहे का?

झाले आहे, थोडे. हैदराबादच्या इन्कॉइस (भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र) या संस्थेने आपल्या समुद्रातील पिवळ्या परांच्या ट्यूनांना सुटून वर येणारे टॅग लावले आहेत. समुद्राचे तापमान आणि हरितद्रव्य पाहून ‘येथे मासे मिळण्याची शक्यता आहे’ अशा सूचना हीच संस्था कोकण-गोव्याच्या मच्छीमारांना पाठवते. त्या सूचना वरच्या थरावरून दिलेल्या असतात आणि ट्यूना दिवसातला मोठा भाग खाली असतो, तेव्हा तो किती खोल असतो हे कळणे येथे निव्वळ कुतूहलाचा विषय राहत नाही.

गोव्याच्या वाचकांना अधिक जवळची वाटेल ती ‘लुबान’ची हकीकत. 2017 च्या नोव्हेंबरात ओमानच्या मसीरा आखातात एका हंपबॅक देवमाशाच्या मादीला उपग्रह-टॅग लावला गेला. अरबी समुद्रातील हे हंपबॅक जगातील इतर हंपबॅकांप्रमाणे ध्रुवाकडे ये-जा करीत नाहीत, बारमाही येथेच राहतात, आणि त्यांची संख्या शंभराच्या आत असल्याचा अंदाज आहे. लुबान म्हणजे धुपासाठी जाळतात तो फ्रँकिन्सेन्स हा सुगंधी डिंक. तिच्या शेपटीवरची नक्षी त्या डिंकाच्या झाडासारखी, म्हणून हे नाव. ती डिसेंबरात सरळ समुद्र ओलांडून गोव्याच्या समोर आली, तेथून किनाऱ्याच्या कडेने कन्याकुमारीपर्यंत गेली आणि पुन्हा ओमानला परतली. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या कोणालाही तिचा पत्ता नव्हता. तिच्या वाटेवर आपल्या बंदरांकडे येणाऱ्या मोठ्या जहाजांचे मार्ग आहेत, आणि अशा जहाजांची धडक देवमाशांना जीवघेणी ठरते. मुशींबाबत असाच ताळा जगभर घातला गेला आहे. टॅगवरून काढलेल्या त्यांच्या वाटा आणि मासेमारी जहाजे जाहीर करीत असलेल्या त्यांच्या जागा एकमेकांवर ठेवल्या, तेव्हा मुशी महिन्यात सरासरी जेवढ्या समुद्रात वावरतात त्याच्या 24 टक्के भागात हजारो गळांच्या लांब दोऱ्या लागतात, असे 2019 मध्ये दिसले.

गुहागरहून एक वाचक : आमच्या किनाऱ्यावरील कासवांना टॅग लावले होते. काही महिन्यांनी संदेश बंद झाले. ती कासवे मेली असे समजायचे का?

ऑलिव्ह रिडले कासव हा अन्नसाखळीच्या माथ्यावरचा शिकारी नव्हे, पण टॅग तोच आणि शंका तर या सदरातल्या सगळ्याच उत्तरांना लागू पडणारी, म्हणून प्रश्न घेतला. 2022 च्या जानेवारी-फेब्रुवारीत वेळास, आंजर्ले आणि गुहागर येथे कांदळवन प्रतिष्ठान आणि भारतीय वन्यजीव संस्था यांनी प्रथमा, सावनी, रेवा, वनश्री आणि लक्ष्मी अशा पाच माद्यांना उपग्रह-टॅग लावले होते. पुढच्या वर्षी बागेश्री आणि गुहा यांना लावले. बागेश्री तर श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. टॅग एकेक करून बंद पडले.

संदेश बंद होण्याची कारणे पुष्कळ असतात. बॅटरी संपते. तारेचा अँटेना मोडतो. ज्या दोन टोकांचा वर उल्लेख केला त्यांच्यावर बार्नेकलसारखे चिकटून बसणारे कवचधारी जीव आणि शेवाळ चढते, मग टॅगला आपण कायम पाण्यातच आहोत असे वाटते आणि तो बोलतच नाही. कवचाचा वरचा थर सुटला की टॅगही गळतो. आणि हो, कासव जाळ्यात अडकूनही मरते. बाहेरून या साऱ्यांचा परिणाम सारखाच दिसतो. मरणाची शंका तेव्हाच बळावते, जेव्हा टॅग बंद न पडता विचित्र वागू लागतो. कधी तो दिवसरात्र पृष्ठभागावर राहतो, कधी सरळ रेषेत एखाद्या बंदराकडे जातो.

आपल्याच गावची एक नोंद देतो. 2021 च्या मार्चमध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर एका मादीच्या वल्ह्यासारख्या पुढच्या पायाला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने धातूची चिमटीएवढी पट्टी लावली होती. तिच्यात बॅटरी नाही, अँटेना नाही, संदेश नाही. जवळपास चार वर्षे तिचा काहीच ठावठिकाणा नव्हता. 2025 च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूत अंडी घालायला आलेल्या एका कासवाच्या पायाला ती पट्टी होती आणि तिच्यावरचा क्रमांक वाचता येत होता : 03233.